इंजिन स्टँडवर चढवताय? आधी खडू आणि ओळंबा काढा

मागच्या वेळी याच सदरात जुन्या गाडीचं इंजिन चेनकप्पीने बाहेर कसं काढायचं ते लिहिलं होतं आणि तिथेच थांबलो होतो. साहजिकच पुढचे प्रश्न आले: बाहेर तर काढलं, आता ठेवायचं कुठे, स्टँडला टांगायचं कसं, आणि पडणार नाही याची खात्री काय. त्यातले काही खाली घेतलेत, सारखे होते ते एकत्र केलेत.

प्रश्न: नमस्कार. आमच्याकडे आजोबांची १९६६ची फियाट ११०० डिलाईट आहे. रिंगा, बेअरिंग सगळं बघायचं म्हणून इंजिन बाहेर काढलंय, सध्या ट्रकच्या टायरवर ठेवलंय. ऑनलाइन एक फिरणारं स्टँड मागवलं, चार दांड्यावालं, पण त्यासोबत कागद वगैरे काहीच आला नाही. दांड्या नक्की कुठे लावायच्या? आणि मिस्त्री म्हणतोय स्टँड कशाला, टायरवरच खोलू. काय करू?
एक वाचक, सांगली

उत्तर: तुमच्या मिस्त्रींचं अगदीच चूक नाही. ज्यांनी आयुष्यभर टायरवर इंजिनं खोललीत त्यांना स्टँड म्हणजे नखरा वाटणारच, आणि नुसतं हेड उतरवून व्हॉल्व्ह ग्राइंड करून परत बसवायचं असेल तर टायर पुरतो. पण तुम्हाला क्रँकपर्यंत जायचंय, म्हणजे इंजिन उलटं करावं लागणार, एकदा नाही चार-पाचदा. या १०८९ सीसीच्या इंजिनाचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचं आहे, ते टायरवर पालथं टेकवलं की टायरमधली वाळू, तार, काय असेल ते फेसवर चरे पाडतं. आणि हेड काढून उलटं केलं तर सगळं वजन स्टडांवर, म्हणजे हेड धरायला ब्लॉकमधून वर आलेल्या आट्यांच्या खुंट्यांवर. त्यामुळे स्टँड घेतलंत ते बरं केलंत, मिस्त्रींना चहा पाजा आणि मदतीला घ्या, कारण दोन माणसं लागतातच.

दांड्या लावायच्या जिथे गिअरबॉक्स लागतो त्या मागच्या फेसवर, बेल हाउसिंगचे (गिअरबॉक्सच्या पुढच्या घंटेसारख्या आवरणाचे) बोल्ट जिथे जातात त्याच भोकांत. पण त्याच जागी फ्लायव्हील असतं, म्हणून इंजिन स्टँडजवळ न्यायच्या आधीच क्लचची प्रेशर प्लेट, क्लच प्लेट आणि फ्लायव्हील काढून घ्या. काढताना सेंटर पंचने प्रेशर प्लेट आणि फ्लायव्हीलवर समोरासमोर खूण करा, क्रँकच्या फ्लँजवर आणि फ्लायव्हीलवर पण करा, म्हणजे बसवताना होतं तसंच बसेल. स्टार्टर, डायनमो, कार्बोरेटर, मॅनिफोल्ड हे पण आधीच उतरवा, उगाच वजन कशाला टांगायचं. ऑइल काढून टाका. पाणी पण, आणि ब्लॉकचा पाण्याचा कॉक उघडल्यावर काही आलं नाही म्हणजे पाणी संपलं असं समजू नका, जुन्या ब्लॉकमध्ये तो गंजाने बुजलेला असतो, तार घालून ढोसा, मग बघा काय लालभडक पाणी येतं ते.

आता खडू. हे काम कुणी करत नाही आणि मग स्टँडचं डोकं अडकवून ठेवणारी पिन काढल्यावर इंजिन गर्रकन फिरतं म्हणून स्टँडला शिव्या घालतात. चेन आधी इंजिनाच्या डाव्या बाजूच्या पुढच्या-मागच्या दोन भक्कम जागांना लावा आणि टायरपासून वितभर उचला, फार वर नाही. ते एका अंगाला कलेल, कलू दे. स्थिर झालं की मागून बघत हुकाच्या रेषेत गवंड्याचा ओळंबा धरा आणि दोरी ब्लॉकच्या मागच्या फेसवरून जिथून जाते तिथे खडूने रेघ मारा. खाली घ्या, चेन उजव्या बाजूला लावा, परत उचला, परत रेघ. दोन रेघा जिथे एकमेकींना कापतात तिथे मागून बघताना इंजिनाचा तोल, म्हणजे वजनाचा मध्य आहे. हेडसकट इंजिनाचा तोल साधारण क्रँकच्या सेंटरच्या वर कुठेतरी येतो, बरोबर क्रँकवर नाही, आणि लोक नेमकं क्रँकचं सेंटर धरून दांड्या बसवतात. स्टँडचा फिरणारा पाइप (दांड्या लागतात त्या प्लेटच्या मागचा) तुमच्या खडूच्या फुलीवर किंवा तिच्या बोटभर वर यायला पाहिजे. वर असला तर इंजिन आपोआप सरळ राहायला बघतं.

हे बोटभर-वितभर एवढं का सांगतोय ते एका हिशोबात कळेल. समजा सगळ्या सामानासकट इंजिन १५० किलोचं आहे आणि पाइपचं सेंटर तोलापासून ८ सेंटिमीटर चुकलंय. इंजिन आडवं असताना ते धरून ठेवायला डोकं फिरवायच्या अर्ध्या मीटरच्या दांड्याच्या टोकाला तुम्हाला २४ किलोचा जोर लावावा लागेल, आणि तोही एका हाताने, कारण दुसऱ्या हाताने तुम्ही पिन शोधत असता. तेच चुकणं २ सेंटिमीटर असेल तर ६ किलो, म्हणजे पोरगंही फिरवेल. (तुमचं इंजिन किती किलोचं आहे ते अंदाजाने ठरवू नका, भंगारवाल्याकडे हुकाचा डिजिटल काटा असतो, तासाभरासाठी मागून आणा.) नंतर हेड काढलं, क्रँक काढली की तोल हलणार हे धरून चला, म्हणून प्रत्येक मोठा भाग काढल्यावर पिन ओढायच्या आधी दांडा हातात घट्ट धरायचा.

बोल्टांचं आता. स्टँडसोबत जे बोल्ट आलेत ते बाजूला ठेवा, भिंतीला शेल्फ लावायला उपयोगी पडतील. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेले एचटी (जास्त ताकदीच्या पोलादाचे) बोल्ट आणा. जुन्या फियाटमध्ये १० एमएमचा बोल्ट बरेचदा १.२५ पिचचा (दोन आट्यांत १.२५ एमएम अंतर) असतो आणि हार्डवेअरवाला न विचारता १.५चा हातात ठेवतो, तो दोन आटे जातो, मग अडकतो, मग माणूस पान्याला पाइप लावतो आणि साठ वर्षं टिकलेले आटे पाच मिनिटांत संपतात. पिच गेज लावून बघा किंवा गिअरबॉक्सचा जुना मूळ बोल्टच दुकानात घेऊन जा. लांबी अशी काढा: दांडीच्या टोकाची नळी जेवढी लांब तेवढी, अधिक वॉशर, अधिक बोल्टाच्या जाडीच्या दीडपट आत. १० एमएमला १५ एमएम आत जायला हवा. भोक बंद बुडाचं असेल तर आधी काडी घालून खोली मोजा, बोल्ट बुडाला टेकला की हाताला घट्ट लागतो पण दांडी मात्र सैलच राहते, हे फार फसवं असतं.

दांड्या जितक्या फाकवता येतील तितक्या फाकवा. इंजिनाचा तोल मागच्या फेसपासून ३० सेंटिमीटर पुढे आहे असं धरा, वरच्या आणि खालच्या बोल्टांत २० सेंटिमीटर अंतर असेल तर वरच्या दोन बोल्टांवर मिळून २२५ किलोची ओढ येते, दांड्या १० सेंटिमीटरमध्ये गोळा केल्या तर तीच ओढ ४५० किलो. एचटी बोल्ट याच्या कितीतरी पट सहन करतो, तो नाही तुटत, तुटतात ते ब्लॉकमधले आटे, कारण बोल्ट आखूड म्हणून चारच आट्यांवर पकडलेला असतो. शिवाय ढकलत नेताना स्टँडचं चाक फरशीच्या सांध्यात अडकून जो झटका बसतो तो या हिशोबात धरलेलाच नाही.

चढवताना इंजिन स्टँडला नेऊन भिडवू नका. स्टँडचं फिरणारं डोकं पाइपसकट बाहेर निघतं, ते काढा, चेनवर लटकलेल्या इंजिनाला दांड्यांसकट लावा, आधी चारही बोल्ट हाताने, मग दांड्या प्लेटवर सरकवून सेंटर खडूच्या फुलीशी जुळवा, मग सगळं आवळा. त्यानंतर स्टँड ढकलत आणून पाइप त्याच्या नळीत सरकवा, पिन घाला आणि चेन सैल सोडा. पूर्ण काढू नका, बोटभर ढिली ठेवून इंजिन हाताने हलवून बघा, कुठे करकर वाजतंय का, कुठली दांडी ब्लॉकपासून कागदाएवढी सुटतेय का. दहा मिनिटं तसंच राहू दे. मग चेन काढा.

मुंबईतल्या काळ्यापिवळ्या पद्मिनींत हेच १०८९ सीसीचं इंजिन होतं. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ३० ऑक्टोबर २०२३ला रस्त्यावरून गेली. हे सांगायचं कारण, भंगारात पद्मिनीचा तडकलेला ब्लॉक मिळाला तर उचला आणि दांड्यांची जुळणी आधी त्यावर करून बघा, आजोबांच्या ब्लॉकवर प्रयोग नको.

प्रश्न: काका, मी इचलकरंजीत डिप्लोमा मेकॅनिकलला आहे. प्रोजेक्टसाठी आम्ही चौघं मिळून इंजिन स्टँड बनवतोय. बाजारात तीन चाकांची स्वस्त मिळतात मग आपण पण तीनच चाकं ठेवावीत का? स्टील वाचेल.

उत्तर: अरे स्टील वाचवायचं तर दुसरीकडे वाचव की. तीन चाकांचं स्टँड पुढे एकाच चाकावर असतं, हलक्या ॲल्युमिनियमच्या इंजिनाला चालून जातं, पण बिडाचं जुनं इंजिन आडवं फिरवलं आणि त्याच वेळी कुणी बाजूने टेकला तर ते एका अंगावर जायला वेळ लागत नाही. चार चाकं ठेवा, पुढची दोन लांब फाकलेली, आणि पुढचे पाय इतके लांब की इंजिनाचा तोल खाली सोडला तर तो पुढच्या चाकांच्या बराच आत पडेल. म्हणजे उभ्या खांबाच्या पुढे नुसते ३० सेंटिमीटर पाय काढून भागणार नाही, दुप्पट तरी हवेत.

अजून एक, फिरणाऱ्या पाइपची नळी खांबाला बरोबर काटकोनात वेल्ड करू नका, पुढचं टोक दोन-तीन अंश वर ठेवा. वजन आल्यावर खांब थोडा वाकतोच आणि मग ती सपाट होते. काटकोनात केलीत तर इंजिन नाक खाली घालून उभं राहील आणि फिरवताना पाइप हळूहळू बाहेर सरकायला बघेल, म्हणून पाइपच्या मागच्या टोकाला एक आडवी खीळ पण द्या. प्रोजेक्टच्या व्हायव्हात हे कुणी विचारलं नाही तर तूच सांग, मार्क मिळतील.

प्रश्न: ॲम्बेसेडर मार्क टू, पेट्रोल इंजिन. ८ एमएमचे बोल्ट आणले ते मागच्या भोकांत दोन-तीन आटे जातात आणि घट्ट होतात. भोकांत गंज असेल का? टॅप फिरवू का ८चा?
एक वाचक, नाशिक

उत्तर: थांबा, टॅप (आटे पाडायचं हत्यार) खाली ठेवा. हे १४८९ सीसीचं इंजिन मुळात इंग्लंडच्या बीएमसीचं (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन), तिथे सगळा कारभार इंचात आणि आटे युएनएफचे, म्हणजे इंची बारीक आटे. तुमचं भोक ८ एमएमचं नसून ५/१६ इंचाचं असणार, म्हणजे ७.९४ एमएम, जाडी जवळपास तीच म्हणून बोल्ट आत शिरतो, पण इंचाला २४ आटे आणि तुमच्या बोल्टाला जेमतेम २० असल्याने दोन आट्यांत भांडण सुरू होतं. ८चा टॅप घातलात तर भोक कुणाच्याच कामाचं राहणार नाही. युएनएफ बोल्ट जुन्या ट्रॅक्टरचं सामान विकणाऱ्यांकडे बघा, नाहीतर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी चक्कर मारा.

आणि या इंजिनात ब्लॉक आणि गिअरबॉक्सच्या मध्ये पत्र्याची जाड प्लेट असते, ती तशीच ठेवून दांड्या तिच्या कडेच्या भोकांना लावायचा मोह होतो कारण भोकं ऐसपैस असतात. नका लावू. प्लेट काढा आणि खुद्द बिडात असलेल्या भोकांत बोल्ट घाला. भोकं जवळजवळ येतायत असं वाटलं तर तुमच्या लेथवाल्याकडून १० एमएम जाडीच्या प्लेटची एक अडॅप्टर प्लेट करून घ्या, ब्लॉकच्या बाजूला सगळी मिळतील तेवढी भोकं वापरायची आणि स्टँडच्या बाजूला दांड्या हव्या तशा फाकवायच्या. खर्च फार नाही, आणि पुढच्या ॲम्बेसेडरवाल्याला भाड्याने देता येते!

प्रश्न: माझ्याकडे १९३०च्या दशकातल्या एका इंग्लिश गाडीचं सहा सिलिंडरचं इंजिन आहे, खालची क्रँककेस ॲल्युमिनियमची, वर बिडाचा ब्लॉक वेगळा बसवलेला. ४५० किलो क्षमतेचं स्टँड आहे माझं. चालेल ना?
एक वाचक, पुणे

उत्तर: स्टँड पेलेल हो, इंजिन नाही पेलणार. मागून टांगायचं म्हणजे एवढं लांब इंजिन नव्वद वर्षांच्या ॲल्युमिनियमच्या चार कानांवर लोंबकळवायचं, आणि त्या काळचं ॲल्युमिनियमचं ओतीव काम आधी कुठे तडकलंय हे रंगाखाली दिसतसुद्धा नाही. शिवाय वरचा बिडाचा ब्लॉक क्रँककेसला स्टडांवर धरलेला, उलटं केलं की ते सगळं वजन उलट्या दिशेने ओढणार. अशा इंजिनाला त्याच्या स्वतःच्या पायांवर उभं करा, म्हणजे गाडीत चासीवर ज्या फाउंडेशनवर ते बसायचं त्याच जागांवर. अँगलची चौकट करा, चासीच्या दोन लांब दांड्यांत जेवढं अंतर होतं तेवढंच, मूळ रबर किंवा लाकडाचे ठोकळे मध्ये घाला आणि चौकटीला चाकं लावा. फिरवायचंच असेल तर आधी ब्लॉक उतरवा, मग नुसती क्रँककेस चौकटीसकट फिरवायची. काम हळू होतं. पण ती क्रँककेस परत कुठे मिळणार आहे?

प्रश्न: मी मिशिगनमध्ये राहतो, मूळचा डोंबिवलीचा. इथे १९३०ची फोर्ड मॉडेल ए घेतली आणि हिवाळ्यात इंजिन उघडायचा बेत आहे. ७५० पौंडांचं स्टँड घेऊ की १००० पौंडांचं?

उत्तर: वा, तुम्ही तर माहेरघरीच बसलाय त्या गाडीच्या. १००० पौंडांचं घ्या, चार चाकांचं. कंपनी जो आकडा छापते तो इंजिन फेसला चिकटून असल्यासारखा मानायचा आणि मनात निम्मा करायचा. ३.३ लिटरचं, ४० हॉर्सपॉवरचं साइड व्हॉल्व्ह इंजिन आहे, ब्लॉक बिडाचा, मागचं फ्लायव्हील हाउसिंग वेगळं बोल्टने लावलेलं आहे, ते उतरवूनच दांड्या लावा.

तुमच्या इंजिनात खरी काळजी स्टँडवर चढवल्यानंतरची आहे. बेअरिंग बॅबिटचं (एक मऊ मिश्रधातू), ब्लॉकमध्येच वितळवून ओतलेलं, सुटे शेल नाहीत. तीन मेन बेअरिंग आहेत आणि त्यांच्या कॅपखाली पातळ शिमा (पत्र्याच्या चकत्या) असतात, कुठल्या बाजूला किती हे त्या-त्या कॅपसोबत दोऱ्याने बांधून ठेवा. आणि इंजिन पहिल्यांदा उलटं करायच्या आधी, सरळ असतानाच, खालून चेंबर (तळाचं ऑइलचं भांडं) उतरवा. नव्वद-पंच्याण्णव वर्षांचा गाळ तळाला बसलेला असतो, आधी फिरवलंत की तो सगळा क्रँकवर आणि पिस्टनच्या पोटात. हे फियाट, ॲम्बेसेडरवाल्यांनाही लागू आहे बरं का.

प्रश्न: इंजिन पूर्ण खोलून रीबोर केलं (सिलिंडर आतून तासून घेतले) तर गाडीला व्हिंटेजची नोंदणी मिळायला अडचण येते का?

उत्तर: २०२१च्या केंद्राच्या नियमाप्रमाणे पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांवरची दुचाकी-चारचाकी, मूळ रूपात असलेली, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न केलेली, ती व्हिंटेज. नंबरात व्हीए ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, पुढे नूतनीकरणाला ५,०००. तेच इंजिन दुरुस्त करणं वेगळं आणि डिझेलचं दुसरं बसवणं वेगळं. तुम्ही जपायचा तो इंजिन नंबर. ब्लॉक सँडब्लास्टिंगला देताना नंबरच्या पट्टीवर जाड टेप आणि वर पत्रा बांधून द्या, नाहीतर अंक पुसट होऊन येतात आणि मग आरटीओत तपासणीला उभं राहून काय समजावणार. स्टँडच्या दांडीने तो नंबर झाकला जात असेल तर चढवायच्या आधीच फोटो काढून ठेवा.

प्रश्न: मडगावला असतो. जीपचं इंजिन गेल्या पावसाळ्याआधी स्टँडवर चढवलं, पार्टसाठी थांबलोय, अजून तिथेच आहे. राहू दे का तसंच?

उत्तर: राहू दे, पण मागून लटकलेलं नको. पुढच्या टोकाखाली, क्रँक पुलीच्या मागे ब्लॉकच्या भक्कम जागेला टेकेल असा लाकडी ठोकळा किंवा जॅक लावा, म्हणजे बोल्टांवरची ओढ उतरेल, आणि चाकांना पाचर मारा. गोव्याची हवा म्हणजे सिलिंडर पंधरा दिवसांत तांबडे होतात. हेड उतरवलेलं असेल तर बोअरला घट्ट ऑइल चोळा, वर प्लास्टिक गुंडाळू नका, आत घाम धरतो, जुनी सुती चादर टाका. हेड असेल तर प्लगच्या भोकांतून थोडं ऑइल सोडा आणि दर आठवड्याला क्रँक हाताने दोन वेढे फिरवा.

आणि पार्ट आल्यावर सगळं जोडून झालं की क्रँकचं मागचं ऑइल सील आणि फ्लायव्हील स्टँडवर असताना बसवायला जाऊ नका, दांड्या मध्ये येतात. इंजिन चेनवर घ्या, दांड्या काढा, मग ते काम करा, फ्लायव्हीलचे बोल्ट टॉर्क पान्याने आवळा आणि तिथूनच सरळ गाडीत.